मानाचा पहिला गोळा

३ नोव्हेंबर, भाऊबीज
रविराज पुण्याला परत गेला. जाताना डिकीतून एक जड खोकं काढून ओसरीवर ठेवलं. त्यांच्या सोसायटीचं क्लबहाऊस मोडून तिथं जिम होणार म्हणे. जुनं सामान ज्याला पाहिजे त्यानं उचला, असं ठरलं. बाकीच्यांनी कॅरम उचलला, खुर्च्या उचलल्या. आमचे चिरंजीव उशिरा पोचले.
खोक्यात दहा काळे गोळे. नारळापेक्षा लहान, पण हातात घेतला की खांदा खाली येतो. सोबत एक पांढरा, मोसंबीएवढा. बायको, छबु, म्हणाली, ठेचा वाटायला बरे आहेत. क्रीडेतलं सगळ्यांनाच कळतं असं नाही.

३ नोव्हेंबर, दुपारी
मोबाईलवर शोध लावला. खेळाचं नाव लॉन बॉल. परदेशात माझ्या वयाची माणसं हिरवळीवर खेळतात. आधी पांढरा गोळा पुढे टाकायचा, मग काळे. ज्याचा काळा पांढऱ्याच्या जवळ, तो जिंकला. धावायचं नाही, घाम नाही, अंगात पांढरे कपडे आणि डोक्यावर टोपी. म्हणजे आपल्याकडे ड्रेस आधीपासूनच तयार आहे, फक्त खेळ यायचा राहिला होता.
सांगणारा इंग्रजीत बोलत होता. माझं शिक्षण सातवी, पुढचं सगळं वर्तमानपत्रावर. तरी निम्मे नियम समजले. उरलेले निम्मे मी करीन.
संकल्प: वडवणी तालुका लॉन बॉल असोसिएशन. संस्थापक अध्यक्ष: सुंदरराव, माजी चेअरमन, दूध सोसायटी. बिनविरोध.

६ नोव्हेंबर
छबु कड्याला गेली. लेकीचं, स्वप्नाचं, दुसरं बाळंतपण तिच्या सासरीच करायचं ठरलंय, त्यामुळे बारसं होऊन वर थोडे दिवस मुक्काम. एसटीत बसेपर्यंत सूचना चालू: परसातल्या वांग्याला एक दिवसाआड पाणी द्या, शेपू टाकलाय त्याच्यात पाय देऊ नका, मेथी गाईला घालू नका.
मेथी गाईला घालणार नाही, हे मी मनापासून कबूल केलं.

९ नोव्हेंबर
मैदानाचा प्रश्न. गावात सपाट जागा दोनच. एक शाळेची, तिथं पोरं क्रिकेट खेळतात आणि मोठ्या माणसांना चिडवतात. दुसरी आमचं परस. बोअरला लागून, चारी बाजूंनी दगडाचा बांध, मधून पाट. जणू खेळासाठीच कुणीतरी करून ठेवलेली. कुणीतरी म्हणजे छबुने.
विचार केला. वांगी किडकी होती. सगळी नाही, पण होती. शेपू काय, बाजारात मिळतो. क्रीडा बाजारात मिळत नाही.

१२ नोव्हेंबर
परस सपाट केलं. हिरवळ कुठून आणायची ते कोडं सुटलं. आपली हराळी! तीच ती. ज्या हराळीच्या मुळ्या काढता काढता आमच्या बापाची कंबर गेली आणि मग माझी, ती परदेशात मुद्दाम लावतात.
चावडीवर नुसतं म्हणालो की मला हराळी पाहिजे. संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या रानातली हराळी मुळासकट दारात. एकानं टेम्पो केला, भाडं त्याचंच. गावानं माझ्या शब्दाला एवढी साथ चेअरमन असतानासुद्धा दिली नव्हती.
शेजारच्या केसरबाई बांधावरून बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, छबुला माहीत हाय का. मी म्हणालो, सरप्राईज आहे. त्या म्हणाल्या, ते तर हायच.

२ डिसेंबर
हराळी धरली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. फोनवर छबुने विचारलं, परसाला पाणी देता ना? मी म्हणालो, दोनदा देतो. बिचारी लई खूश झाली. स्वप्नाला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

५ डिसेंबर
खेळाडू मिळाले. रामहरी आणि त्याची सरस्वतीबाई. दोघांनी जन्मभर ऊस तोडला. औंदा त्यांचा प्रविण सुनेला घेऊन कारखान्यावर गेला आणि हे दोघं गुडघ्यांमुळे पहिल्यांदाच हंगामात गावात राहिले. दिवस खायला उठतो म्हणतात. मी त्यांना सभासद करून घेतलं.
सरस्वतीबाईंनी पांढऱ्या गोळ्याचं नाव नवरदेव ठेवलं. सगळे त्याच्याजवळ जायला बघतात म्हणून. मला अध्यक्ष म्हणून नाव ठेवायचं होतं, पण तोवर रूढ झालं होतं.
नियम पहिला, मी मांडला: पहिला गोळा टाकायचा मान वयाने, जमिनीने आणि पदाने मोठा असेल त्याचा. पोळ्याला वेशीतून पुढची जोडी आमचीच जाते, मग इथं वेगळं कशाला? रामहरीने क्षणभर माझ्याकडे, क्षणभर गोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “मान तुमचाच, चेरमन. आमी आपले मागून टाकू.”
असा समंजस माणूस. तीन डाव झाले. तिन्ही त्याने जिंकले. नवख्याचं नशीब.

८ डिसेंबर
पुन्हा तेच. माझा गोळा नवरदेवाला खेटून बसतो, मग मागून हे दोघं येतात आणि एक तर माझा उडवतात, नाही तर आणखी जवळ बसतात. खेळात सभ्यता हवी, असा नियम करावा काय?
त्यात मोजणीची कटकट. मी म्हणालो, वितीने मोजू. मोजलं. माझा गोळा नवरदेवापासून तीन वीत, रामहरीचा दोन. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच लांब दिसत होते. मग ध्यानात आलं, माझं अंतर मी मोजलं, त्याचं त्याने. कोयत्याने घडलेला तो पंजा, त्याची वीत म्हणजे माझी दीड. सरस्वतीबाईंनी कमरेच्या पिशवीची दोरी काढली आणि म्हणाल्या, आता हिनं मोजू. दोरीने त्यांचाच गोळा जवळ निघाला.

११ डिसेंबर
नियमांची आज चांगली भर पडली. एक, टाकताना खोकला आला तर गोळा परत टाकायचा (सूचक: रामहरी). दोन, कोंबडी आडवी आली तर ती मैदानाचा भाग समजावी (सूचक: सरस्वतीबाई, कोंबड्याही त्यांच्याच). तीन, रस्त्यावरून कुणी ‘काय चाललंय’ म्हणून विचारलं तर तो डाव रद्द (सूचक: मी, हरत असताना).
दुपारपासून सरस्वतीबाईंना गोळा वाकडा गेला की नेमका ठसका लागतो. सरळ गेला की छाती एकदम साफ. तिसऱ्या नियमासाठी मी केसरबाईंना दोनदा हात केला. त्या विचारायच्या ऐवजी म्हणाल्या, “चालू द्या, दिसतंय मला.” डाव वाचला नाही.

१४ डिसेंबर, आठवडी बाजार
हरण्याचं कारण सापडलं! गोळ्यांतच दोष आहे. सरळ टाकला तरी शेवटी शेवटी एका अंगाला वळतो. औताच्या टोकाला बैल आपसूक वळावा तसा. रविराजने फुकटचा माल आणला, फुकटात आणखी काय मिळणार?
वडवणीला जाऊन हनुमान लेथवाल्याकडे माझे दोन्ही गोळे दिले. त्याने विचारलं, कोणत्या मशीनचा पार्ट आहे? मी म्हणालो, क्रीडासाहित्य. त्याने फुगीर अंग घासून दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या. आता बाणासारखा सरळ जातो. बाकीच्यांचे वाकडेच राहू दिले. सगळ्यांचं भलं करत बसलं तर स्पर्धा कुठे राहते?

१५ डिसेंबर
माझा गोळा सरळ गेला. थेट, न वळता. नवरदेवाच्या शेजारून थेट पाटात. दुसराही.
शिवाय घासून हलका झालाय. रामहरीचा गोळा नुसता टेकला तरी माझा केसरबाईंच्या गोठ्यात जातो. रामहरी हसत नव्हता. तो पाठमोरा होता.

१९ डिसेंबर
छबु आली.
पिशव्या ओसरीवर ठेवून सरळ परसात गेली. मी मागे मागे. पहिल्या शंभर शब्दांची तयारी मी करून ठेवली होती: आरोग्य, जगभरातले ज्येष्ठ नागरिक, तालुक्याचं नाव. एकही लागला नाही. ती हराळीकडे बघत उभी राहिली. मग वाकून, वांग्याचं झाड जिथं होतं तिथं हात लावला.
मी म्हणालो, हिरवं दिसतंय ना?
ती म्हणाली, “तिथं स्वप्नाला शेपू इकत आणला. माझ्या लेकीला. म्हणलं घरून कुणी आलं तर जुडी पाठवा, तर तुमी फोनवर म्हणला अजून कवळा हाय.”
खरं आहे, म्हणालो होतो. त्या वेळी सुचलं ते.
गावात कुणीही बाळंतीण असो, शेपू-मेथी छबुच्या परसातली जाते. इतकी वर्षं चाललंय, कुणी मागतही नाही, ही पोचवते. मला ते काही काम वाटलं नव्हतं. आज घरात भांडी वाजली नाहीत. भांडी वाजलेली बरी असतात.

२२ डिसेंबर
वातावरण निवळलं असावं. आज छबु स्वतःहून परसात आली आणि म्हणाली, मलाबी खेळायचंय. बघा! क्रीडेने माणूस जोडला जातो, हे मी आधीपासून म्हणतोय.
नियम करायची पाळी आली तेव्हा तिने एकच मागितला. ती सगळ्यांच्या शेवटी टाकणार, कारण चुलीवर दूध असतं, मध्येच जावं लागतं. मी लगेच मंजूर केला. आधी कर्ता पुरुष, शेवटी घरची लक्ष्मी. पंगतीला जे, तेच मैदानावर. रामहरी आणि सरस्वतीबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरचं वळण बघून त्यांना कौतुक वाटलं असणार.
ती पहिलाच डाव जिंकली. दूध उतू गेलं नाही.

३० डिसेंबर
आठवडाभराचा आढावा. छबु बरेच जिंकली, रामहरी काही, सरस्वतीबाई थोडे. मी अध्यक्ष आहे.
गंमत म्हणजे ती नेमच धरत नाही. आम्ही टाकत असताना कमरेला पदर खोचून उभी. कुणाचा गोळा कुठं बसला ते पाहते, मान हलवते, मग तिची पाळी आली की दोन पावलं बाजूला सरून हळूच सोडते. गोळा भलतीकडे चालल्यासारखा वाटतो आणि वळून बरोबर घरी येतो. मी विचारलं, कसं जमतं? म्हणाली, “त्याला वळायचं असतं, वळू द्यायचं.” याला काय तंत्र म्हणायचं?

४ जानेवारी
छबुने विषय काढला. परस परत पाहिजे. फाल्गुनात केसरबाईंची नात बाळंतपणाला यायचीय, तोवर वाफा तयार पाहिजे. मी म्हणालो, असोसिएशनची मालमत्ता अशी देता येत नाही, घटना आहे. ती म्हणाली, मग खेळूनच ठरवा.
ठरलं. सव्वीस जानेवारी, झेंडावंदनानंतर, एकच डाव. छबु जिंकली तर परस तिचं, पुन्हा त्यात गोळा टाकायचा नाही. बाकी कुणीही जिंकलं तर हिरवळ कायम. म्हणजे चौघांपैकी तिघं माझ्या बाजूचे. हिशोबात मी कधीच मार खाल्ला नाही.

१२ जानेवारी
सराव जोरात. खोक्यात उरलेले दोन वाकडे गोळे घेतले. हनुमानकडचे दोन्ही गोळे सध्या दाराला अडण म्हणून लावलेत, तिथे उत्तम काम देतात. वाकडा गोळाही आता जमतो. सकाळी एकटा असताना टाकला तर दर वेळी नवरदेवाला चिकटतो. एकटा असताना माझ्यासारखा खेळाडू तालुक्यात नाही.

२१ जानेवारी
रामहरी बांधावर बसून तंबाखू मळत म्हणाला, चेरमन, एक बोलू का, राग मानू नका. यंदा मागून टाकून बघा.
मी विचारलं, कावून?
तो म्हणाला, आसंच. मागून बरं असतं.
मला लगेच संशय आला. आज मागून टाका, उद्या म्हणतील पोळ्याला मागच्या जोडीत उभे राहा. मी त्याला प्रेमाने समजावलं की मान हा हक्क असतो, सोय नसते. त्याने तंबाखू तोंडात टाकली.

२६ जानेवारी, सकाळी
झेंडावंदन झालं. शाळेत खुर्ची दुसऱ्या रांगेत दिली. पहिल्या रांगेत आता नवे चेअरमन बसतात, पोरसवदा आहे, गॉगल घालतो. मी तिथंच ठरवलं, आज मैदान मारायचं.

२६ जानेवारी, संध्याकाळी
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
बांधावर निम्मं गाव. सगळे पांढऱ्या कपड्यांत, अगदी परदेशासारखं. मी नवरदेव टाकला. गोळा उचलला तेवढ्यात छबु पुढे आली. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “आज तुमी शेवटी टाका. मी टाकते पहिला.”
मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. डाव कसला असेल ते कळेना. दूध? चुलीवर काही नव्हतं. मागे रामहरी म्हणाला, ऐका बाईचं. म्हणजे तिघांची मिलीभगत. शाळेतली खुर्ची गेली, सोसायटी गेली, आता एवढा एक मान राहिला होता, तोही बायकोमार्फत काढून घेणार?
“पहिला गोळा माझा,” मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.
तिने पदर कमरेला खोचला. “बघा बरं,” म्हणाली आणि मागे गेली.
आणि काय टाकला मी! वळत वळत गेला आणि नवरदेवाच्या पुढ्यात बसला. बांधावरून टाळ्या. रामहरीचा लांब गेला, सरस्वतीबाईंना ठसका लागूनसुद्धा जमलं नाही. छबुचा तर पार पलीकडे, बांधाला जाऊन थांबला. दुसऱ्या फेरीत माझा दुसरा गोळा पहिल्याच्या शेजारी. नवरदेवापुढे दोन पहारेकरी. रामहरी, सरस्वतीबाई दोघंही चुकले. मी टोपी सारखी केली.
उरला छबुचा एक. तिने मैदानभर नजर फिरवली. माझ्या गोळ्यांवर, त्यांच्या मधल्या फटीवर, पलीकडे बांधाशी पडलेल्या तिच्या गोळ्यावर. मग तीन पावलं बाजूला सरली आणि सोडला. माझ्या दोघांना पाहुण्यासारखा वळसा घालून तो आत शिरला, नवरदेवाला एक टोला दिला, आणि नवरदेव घरंगळत थेट बांधाशी, तिच्या पहिल्या गोळ्याला जाऊन टेकला.
मी तत्काळ नियम मांडला की नवरदेवाला हात लावणे बाद. रामहरी म्हणाला, मत घ्या. घेतलं. तीन विरुद्ध एक. आजच्या दिवशी लोकशाहीविरुद्ध बोलणं बरं दिसत नाही.
छबु हसली नाही. ती वाकून हराळी बोटाने बाजूला करून खालची माती बघत होती.

२७ जानेवारी
चहा आला. साखर दोन चमचे. डॉक्टरांनी बंद केल्यापासून अर्ध्या चमच्यावर दिवस चाललेत. काहीतरी झालंय हे ओळखलं.
छबु शेजारी बसली. मग म्हणाली, “रातभर मनात तेच. मी म्हणलं तुमी शेवटी टाका, तरी तुमी पहिलाच टाकला. मागून टाकणाराला सगळ्यांचं दिसतं, त्यानंच जिंकायचं असतं, हे काय तुमाला ठावं न्हाई व्हय. जाणून सोडलं तुमी. माझ्या शेपूसाठी.”
मी चहा पीत राहिलो. चहा पिताना बोलू नये.
मागून टाकणाराला सगळ्यांचं दिसतं. डिसेंबरपासूनचे सगळे डाव डोळ्यांपुढून गेले. एकेक. त्यांना बराच वेळ लागला.
“हो,” मी म्हणालो.
तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, दिवसाउजेडी ओसरीवर ती पहिलीच वेळ.

२७ जानेवारी, दुपारी
छबुने सरस्वतीबाईंना सांगितलं, सरस्वतीबाईंनी गावाला. चेअरमनने बायकोसाठी डाव सोडला. केसरबाई येऊन पाया पडल्या, त्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. नवे चेअरमन गाडी थांबवून, गॉगल काढून म्हणाले, आबा, शिकण्यासारखं आहे. आता खरं काय ते सांगणं म्हणजे एवढ्या लोकांचा विरस करणं. तो माझा स्वभाव नाही.
आणि शांतपणे विचार केला तर खोटं तरी कुठे आहे? माणसाला आतून माहीत असतं, वरून माहीत नसतं, असं होतं. आतून मी जाणूनच टाकला असणार.
ऊन कललं तसा हराळी उपटायला बसलो. परदेशातली वनस्पती, पण मुळं अगदी इथलीच. एक ओढली की सहा निघतात. थोड्या वेळाने रामहरी न बोलावता आला, खुरपं घेऊन माझ्या शेजारची ओळ धरून बसला.
मग मान वर न करता म्हणाला, “चेरमन, खरं सांगा. कळलं कवा?”
मी म्हणालो, पहिल्या दिवशीच.
तो खाली वाकून खुरपत राहिला. पण खांदे हलत होते, आणि एकदा त्याने उपरण्याने डोळे पुसलेलेही मी पाहिले. रडत असणार. माणसाचा मोठेपणा जवळून बघितला की होतं असं.